व्हिएतनाम की थायलंड: इंग्रजी शिकवायला एकट्याने जायचं तर

ऐरोलीच्या माझ्या मावसबहिणीकडे सध्या दोन ऑफर आहेत. एक हनोईतल्या इंग्लिश सेंटरची, म्हणजे खासगी क्लासची, दुसरी थायलंडच्या एका शाळेची. तिने मला फोन केला, कारण मी दोन्हीकडे राहून आलोय. जून २०१८ पासून जवळजवळ दीड वर्ष हनोईत, मग कोविडची दोन वर्षं ठाण्यात, आणि मे २०२२ पासून दोन शालेय वर्षं थायलंडमधल्या कोरात शहरात. तिला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. पदवी, १२० तासांचं टेफल (इंग्रजी शिकवण्याचा कोर्स), पोलिस क्लिअरन्स हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यामुळे त्यात शिरत नाही. कोरिया-जपान-चीनचा विचार करून झालाय आणि पासपोर्टचा रंग बघून तिथली दारं फारशी उघडत नाहीत हेही कळून चुकलंय, अशा माणसासाठी हे आहे.

कागदांच्या बाबतीत दोघेही सारखेच छळतात. मी गेलो तेव्हा दोन्ही देशांना नुसतं अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठी कागद प्रमाणित करणारा एकच शिक्का, चालत नव्हतं. आधी मंत्रालयातला शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा. दोघांच्या वकिलाती मुंबईतच आहेत, एवढी आपली सोय. एक गोष्ट मात्र आत्ताच करून ठेवा. मुंबई विद्यापीठाच्या माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि माझ्या नावात आईचं नावच नाही. हनोईच्या सेंटरमधल्या कागद बघणाऱ्या बाईंना ही दोन वेगळी माणसं वाटली. गंमत म्हणजे त्यांच्याकडेही आडनाव आधीच लिहितात, तरीही. ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं अ‍ॅफिडेव्हिट इथूनच करून न्या. ठाणे कोर्टाच्या बाहेर अर्ध्या तासाचं काम आहे. हनोईत बसून ते निस्तरायला मला तीन आठवडे लागले.

थायलंडला आपल्यासारख्यांकडून इंग्रजीचा पुरावा वेगळा मागतात. बहुतेक शाळा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचा ६०० च्या वरचा स्कोअर मागतात. शिवाय बी.एड. नसेल तर शिक्षक परिषदेची दोन वर्षांची तात्पुरती परवानगी काढावी लागते. त्या परिषदेचं नाव खुरुसफा. दोनदा मोठ्याने म्हणा, मग त्यातली ‘गुरुसभा’ ऐकू येईल.

आता पैसे. इथे व्हिएतनाम सरळ जिंकतो, उगाच आडून बोलण्यात अर्थ नाही. मला तासाला साडेतीन लाख डोंग मिळायचे आणि आठवड्याला बावीस-तेवीस तास भरायचे. महिन्याला तीन कोटींच्या वर. आई शेजारच्या काकूंना ‘आमचा करोडपती’ म्हणून सांगायची. रुपयांत ते नव्वद हजारांच्या आसपास होतं, त्यातले निम्मे सहज मागे पडायचे. कोरातला पगार २८ हजार बात, म्हणजे साठ-पासष्ट हजार रुपये. तोही अकरा महिन्यांचाच, कारण मार्च ते मे शाळा बंद असते आणि माझ्या करारात एक महिना बिनपगारी होता. कर्ज डोक्यावर असेल तर पुढचं वाचू नका, हनोई गाठा.

अर्थात तासावरचा पैसा हा तासावरचाच असतो. २०१९ मध्ये ५ फेब्रुवारीला तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष होतं. त्याच्या आगेमागे दोनेक आठवडे सेंटर बंद. त्या महिन्याचा पगार बघून करोडपती निम्म्यावर आला. बॅच रद्द झाली की पैसे रद्द. क्लासमध्ये शिकवलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. मी ठाण्यात राम मारुती रोडवर दहावीच्या बॅचेस घेतल्यात, ‘सर, आज पाऊस आहे’ या एका वाक्यावर संध्याकाळ बुडालेली अनेकदा पाहिली आहे.

शिकवण्याचं सुख कुठे, असं विचाराल तर मी हनोई म्हणेन. वर्गात पंधरा मुलं, सोबत एक व्हिएतनामी टीए, म्हणजे मदतनीस शिक्षक, फळा चांगला, पुस्तकं चांगली. पालक फीचा हिशोब मागतात, त्यामुळे मुलं खरंच शिकतात. कोरातला एका वर्गात पंचेचाळीस. मागच्या बाकावर कोण आहे हे मला गणवेशावरून नाही, झोपायच्या पद्धतीवरून कळायचं. नापास करायची सोय जवळपास नाहीच. पेपर कोरा दिला तरी पुन्हा परीक्षा, मग पुन्हा, मग काहीतरी चिकटवून आणलेला प्रकल्प, आणि पास. तास संपले तरी साडेचारपर्यंत खुर्ची गरम करायची, जाताना यंत्रावर अंगठा टेकवायचा. वार्षिक कार्यक्रमात नाचायला लावतात. मी नाचलो. व्हिडिओ कुणाकडे असेल तर कृपया ठेवून द्या.

भाषा दोन्ही सुरांच्या. व्हिएतनामी लिपी रोमन असल्याने आधी हायसं वाटतं, मग ‘मा’ हा एकच आवाज सहा सुरांत भूत, आई, पण, थडगं, घोडा आणि भाताचं रोप होतो तेव्हा कळतं की पाटी वाचता येणं वेगळं आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगता येणं वेगळं. पण तिथे एक गोष्ट फार आपली वाटली. समोरच्याला ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ असं म्हणायचंच नाही. वय बघून दादा, ताई, काका, मावशी ठरवायचं आणि त्याच नात्याने स्वतःबद्दलही बोलायचं. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत वय विचारतात. पुढचे प्रश्न लग्नाचे. ठाण्याहून फार लांब आलोय असं त्या वेळी अजिबात वाटत नाही.

थाई लिपी बघून घाबरायला होतं, पण तिचा क्रम आपलाच: को काय म्हणजे कोंबडीचा क, खो खाय म्हणजे अंड्याचा ख. मधली दोन-चार अक्षरं जास्तीची, पण कंठ्य, तालव्य ही ओळ तशीच चालते. वार म्हणजे आथित, चान, फुत, सुक: आदित्य, चंद्र, बुध, शुक्र. मी राहायचो त्या शहराचं पूर्ण नाव नखोन राचसीमा, म्हणजे नगर राजसीमा. कोरात हे बोलण्यातलं. जूनमध्ये एका गुरुवारी वाय ख्रू होतं, गुरुवंदना. मुलं गुडघ्यांवर पुढे सरकत येतात आणि हातात फुलांची तबकं देतात. पहिल्या वर्षी त्या तबकात मला दुर्वा दिसल्या. खऱ्या दुर्वा, आपण गणपतीला वाहतो त्याच. जिकडेतिकडे पसरणारं गवत, तसं ज्ञान पसरावं असा त्यांचा अर्थ. हे मी पगाराच्या तराजूत कसं घालू, मला सांगता येत नाही.

आता ज्यावरून माझं ठरलं त्याकडे येतो. ऐकायला क्षुल्लक आहे.

सेंटरला मुलं शाळा सुटल्यावर येतात. म्हणजे आठवडाभर संध्याकाळी साडेपाच ते नऊ, आणि शनिवार-रविवार सकाळी आठपासून दिवसभर. सुट्टी सोमवारी. निघण्यापूर्वी मला याचं काहीच वाटलं नव्हतं, कारण ठाण्यातही मी साडेनऊलाच सुटायचो. फरक कशात आहे हे तिथे गेल्यावर कळलं. ठाण्यात साडेनऊला सुटलो तरी घरी ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि बाबा मुद्दाम जागे राहून मॅचचा स्कोअर सांगायचे. हनोईत काऊ जाय या भागातल्या माझ्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत शिरलो की भिंतींना घाम सुटलेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे हवाच अशी असते, की फरशी ओली आणि कपडे चार दिवस वाळत नाहीत. एकट्या माणसाला दिवसाचा शेवट कुठेतरी टेकवावा लागतो, तो टेकवायला जागा नव्हती.

आणि रविवार. आमच्याकडे रविवारी दुपारी एकला पंगत बसते. मावशी, काका, ऐरोलीचे सगळे. घड्याळ तिकडे दीड तास पुढे. यांचा एक वाजला की माझे अडीच, म्हणजे वर्गात ‘धिस इज अ जिराफ’. आई दर रविवारी न चुकता व्हिडिओ कॉल लावायची आणि मी दर रविवारी कापायचो. दोन महिन्यांनी तिने विचारलं, “अरे, तिकडे रविवार नसतो का?” मी म्हटलं, “असतो, आई. दुसऱ्यांचा असतो.”

सोमवारी मी मोकळा आणि सगळं जग कामावर. होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत गाड्यांना बंद असतात. माणसं नुसती फिरतात, मुलं स्केट्स घालून पळतात, म्हातारे नाचतात, अगदी आपली ठाण्याची तलावपाळी. मी सोमवारी जायचो. तेव्हा त्याच रस्त्यावर स्कूटरींचा लोंढा. माझ्या खोलीपासून पायी पंधरा मिनिटांवर मानववंशशास्त्राचं संग्रहालय आहे, देशातल्या ५४ जमातींची घरंदारं तिथे मांडलीत. ते सोमवारी बंद असतं. मी ते बघितलं नोव्हेंबर २०१९ मध्ये, राजीनामा दिल्यानंतरच्या पहिल्या रविवारी.

सहकारी? होते, चांगले होते. पण प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या वारी. एकाची बुधवारी, एकीची गुरुवारी. सेंटरला ते सोयीचं पडतं. दीड वर्षात आम्ही पाच जण एकत्र जेवलो ते बहुधा तीनदा.

कोरातला शाळा सोमवार ते शुक्रवार. सकाळी आठला झेंडा आणि राष्ट्रगीत, साडेचारला अंगठा, सहाला मी बुंग ता लुआ तळ्याकाठी. तिथे सहाला पुन्हा राष्ट्रगीत लागतं आणि पळणारे, सायकलवाले, सगळे जागच्या जागी थांबतात. पहिल्यांदा मी एकटाच चालत राहिलो होतो. रविवारी माझ्या फिलिपिनो सहकारी चर्चमधून आल्या की कुणातरी एकीकडे भात आणि अडोबो. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात धरून नेलं, मी तिसऱ्या रविवारी तिथे कांदेपोहे केले. शेंगदाणे मुबलक, कढीपत्ता मिळेना. पोह्यांचं पाकीट आईने बॅगेत कोंबलं होतं, ते जपून चार वेळा पुरवलं. अडीच वाजता मोबाइल वाटीला टेकवून ठेवायचो. तिकडे आमची पंगत, इकडे यांची. आईला त्या सगळ्यांची नावं पाठ होती.

थायलंडची डोकेदुखीही सांगतो, नाहीतर पक्षपात होईल. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. आणि री-एंट्री परमिट: ते न काढता देशाबाहेर पाऊल टाकलंत तर राहण्याची परवानगी तिथेच संपली, पुन्हा पहिल्यापासून व्हिसा. मी होतो तेव्हा एकाच फेरीचं १,००० बात, अनेक फेऱ्यांचं ३,८०० बात. एकट्याने राहताना घरून रात्री दोनला फोन येऊ शकतो, तेव्हा इमिग्रेशनचं ऑफिस उघडं नसतं. विमानतळावर काढता येतं म्हणतात, पण त्या वेळी रांगेत उभं राहायची आपली मनःस्थिती असेलच असं नाही. ३,८०० चं पहिल्या महिन्यातच काढून ठेवा.

आता कुणी म्हणेल की ही तुलना देशांची नाहीच, सेंटर आणि शाळेची आहे. बरोबर आहे. व्हिएतनाममध्ये दिवसाच्या शाळेत शिकवणारे आहेत आणि बँकॉकच्या मॉलमधली सेंटरं शनिवार-रविवारीच भरतात. पण आपल्या पासपोर्टवर, बी.एड. नसताना, पहिली ऑफर हनोईत सेंटरची येते आणि थायलंडमध्ये आतल्या एखाद्या शहरातल्या शाळेची. माझ्या ओळखीतल्या सहा-सात जणांचं तरी असंच झालं. तुमचं वेगळं होऊ शकेल.

आणि हेही मान्य, की रविवारचं इतकं अवडंबर प्रत्येकाला लागत नाही. माझा एक डोंबिवलीचा मित्र अजून हनोईत आहे, सोमवारी स्कूटर काढून निन्ह बिन्हला जातो, गर्दी नाही म्हणून खूश असतो. जोडीने जाणाऱ्यांनाही कदाचित फरक पडणार नाही. चारचौघांत लवकर मिसळणारा, किंवा मुळातच कुणाची गरज नसलेला माणूस पैशांकडे बघून ठरवू शकतो. मी या दोन्हींतला नाही.

बहिणीने गेल्या शनिवारी दोन्ही करार घेऊन घरी चक्कर मारली. मामलेदारची मिसळ आणली होती, ती खात खात पानं उलटली. थायलंडच्या करारात सुट्टीचे वार लिहिलेत, बिनपगारी महिनाही लिहिलाय. हनोईच्या करारात तासाचा दर ठळक अक्षरांत आहे, आणि साप्ताहिक सुट्टी पुढे फक्त ‘एक दिवस’. कोणता, ते नाही. तिने तिथेच बसून मेल टाकला. आज बुधवार, उत्तर आलेलं नाही.