मेण लावलेली कॉटन हॅट, ३ हिवाळ्यांनंतर

आधी साध्या कॉटनची हॅट होती. ती पावसात भिजली की जड व्हायची आणि वारा सुटला की डोकं नुसतं गार पडायचं, वाळायला दुसरा दिवस उजाडायचा. म्हणून ही मेण लावलेल्या जाड कॉटनची घेतली, आता तिसरा हिवाळा चालू आहे आणि एकही शिवण उसवलेली नाही.

मेण धाग्यांमधल्या फटी बुजवतं त्यामुळे थेंब वरच्या वर घरंगळून जातात, रिपरिप पावसात तर काहीच टेन्शन नाही. पण तासन् तास मुसळधार असेल तर शिवणीतून झिरपतंच, आणि आत हवा खेळत नाही, चढावर घाम येतो. त्या बाबतीत गोरटेक्ससारखं मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पण घामाची वाफ बाहेर सोडणारा पातळ थर) असलेली हॅट सरस, फक्त घेताना ती आतून उलटी करून शिवणींवर टेप आहे का ते नक्की बघा. माझ्याकडे बिनटेपची होती, पहिल्याच मोठ्या पावसात सुईच्या भोकांतून पाणी कपाळावर ओघळलं.

माझ्या मते सगळ्यात आधी बघायची ती कड. ७ सेंमीच्या आसपास असली की चष्म्यावर थेंब कमी येतात आणि मानेवरून कॉलरच्या आत पाणी जात नाही. त्याहून मोठी घेतली की वाऱ्यात उलटते, आणि पाठीवर सॅक असेल तर मागून सारखी आपटून हॅट पुढे डोळ्यांवर सरकते, फार वैताग येतो. हनुवटीखाली दोरी हवीच हवी.

ऊब मात्र मेणकापडात फारशी नाही. मी आत पातळ लोकरीची टोपी घालतो, लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा शोषते तरी ओली लागत नाही, कानही झाकले जातात. म्हणून हॅट एक साइझ मोठी घ्या, आतली टोपी घालूनच मापून बघा.

वॉशिंग मशीन, साबण, गरम पाणी यातलं काहीही नको, मेण निघून जातं. चिखल वाळू द्यायचा, मग ब्रशने झाडायचा, फार तर गार पाण्याचं फडकं. हीटरवर वाळत घालू नका. वर्षातून एकदा मेण चोळून हेअर ड्रायरने मुरवतो, यंदा कडेच्या घडीवर दोनदा लावलं कारण झिजते ती तिथेच.