माझाच बेल्ट मला विकला

अमेरिकेतल्या मिनेसोटात डुलुथजवळ राहायला आल्यावर चौथ्या हिवाळ्यात मी एक जुनी स्नोमोबाईल घेतली, म्हणजे खालच्या रुंद रबरी पट्ट्यावर (ट्रॅकवर) बर्फात पळणारी गाडी. राज्यात तिच्यासाठी साधारण 22,000 मैलांच्या वाटा (ट्रेल्स) आहेत, त्यातली एक घरामागूनच जाते. मग मोह कुठवर आवरणार?

जानेवारीत आवाज सुरू झाला. जोरात थ्रॉटल दाबला की खालून कडकडकड, आणि एकदा वेग धरला की सतत घरघर. दुकानात शिरताशिरताच मी म्हणालो, "बेल्ट गेलाय बहुतेक." इथेच माती खाल्ली. आवाज कधी येतो, कुठून येतो, एवढंच सांगून गप्प बसायचं होतं. फसवायची सोय मीच करून दिली.

आणि यंत्रणा काही अगदीच अनोळखी नव्हती हो. काकांच्या कायनेटिक होंडाच्या पोटात होती तीच: दोन पुली (त्यांनाच इथे क्लच म्हणतात), मध्ये रबरी बेल्ट. इथे पुढे चेनकेस, म्हणजे साखळीची पेटी, आणि ट्रॅक फिरवणारा दांडा, एवढाच फरक.

बिल झालं 640 डॉलर. नवा बेल्ट 170, क्लचची सफाई, 'चेनकेस सर्व्हिस', उरलेली मजुरी. चालवून पाहिली, कडकड बंद. पैसे दिले. चाळीस मैलांत घरघर वाढली, वर गाडी जड चालायला लागली.

शेजारच्या आजोबांनी हूडला, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाला, हातही लावला नाही. आधी विचारलं, "इंजिन रेस केलं की वाढतो, की गाडीचा वेग वाढला की?" वेगाबरोबर, म्हटलं. "मग खाली बघू." बेल्ट किंचाळतो तो बहुधा गाडी सुटताना, आणि तेव्हाही बेल्ट कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, क्लचच्या तबकड्यांवरचा रबराचा थर काढला की बऱ्याचदा गप्प होतो, असं त्यांचं म्हणणं. कडकड म्हणजे सैल ट्रॅक: जोर लागला की ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाचे दात ट्रॅकच्या दात्यांवरून उड्या मारतात.

इंजिन बंद ठेवून मागचा भाग स्टँडवर घेतला, तर ट्रॅक ताशासारखा ताणलेला! दुकानदाराने केलेलं काम हे एवढंच. खरं तर ट्रॅकच्या खालच्या बाजूला ठरावीक वजन टांगून तो किती लोंबतो ते मोजतात. आकडा त्या त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. फाजील ताणला की इंजिनाची ताकद खातो, खालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि बेअरिंगही झिजवतो. ट्रॅक सैल करून ट्रॅकच्या आतलं एकेक आयडलर (नुसतं मोकळं फिरणारं) चाक हाताने फिरवलं. मागचं उजवं वाळू भरल्यासारखं करकरलं. घरघर ती हीच. बेअरिंग पंधरा डॉलरचं.

मग सहज हूड उघडलं. सुटा बेल्ट ठेवायची क्लिप रिकामी. आणि क्लचवर बसवलेल्या 'नव्या' बेल्टवर आधीच्या मालकाने मार्करने लिहिलेलं 'स्पेअर', अजून पुरतं पुसलंही नव्हतं.

फोटो आणि बिल घेऊन गेलो. दुकानदाराने चकार शब्द न काढता बेल्टचे 170 परत केले, मजुरीचं नाव नाही. माझा जुना बेल्ट मागितला तर म्हणे कचऱ्यात गेला. चेनकेसच्या झाकणाच्या बोल्टांवरचा गंज जसाच्या तसा होता, ते मला घरी आल्यावर दिसलं.

आता गाडी कुठेही द्यायच्या आधी सुटा बेल्ट काढून घरात ठेवतो. दोन्ही बेल्टवर पांढऱ्या मार्करने तारीख टाकलीय, देवनागरीत.