नवशिक्यांचा एअरब्रश संच आणि रत्नागिरीचा पावसाळा

प्लॅस्टिकची विमाने हाताने रंगवताना पंखांच्या सपाट भागावर कुंचल्याचे फराटे राहतात, ते मला नेहमी खटकत असत. म्हणून मे महिन्यात मी साडेचार हजार रुपयांना नवशिक्यांसाठीचा एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा फवारा मारणाऱ्या छोट्या गनचा संच मागवला. त्यात ०.३ मिलिमीटर नोझलची, वर रंगाची वाटी असलेली ड्युअल ॲक्शन गन, बिनटाकीचा छोटा कॉम्प्रेसर, नळी आणि दाबाचे मीटर एवढे सामान आले. जास्तीची सुई किंवा नोझल मात्र नव्हते.

गन या किमतीच्या मानाने चांगली आहे. बटण खाली दाबले की हवा सुटते आणि तेच मागे ओढले की रंग येतो. थांबताना आधी बटण पुढे नेऊन रंग बंद करायचा आणि हवा शेवटी सोडायची, नाहीतर नोझलच्या टोकाशी राहिलेला रंग पुढच्या वेळी थेंब होऊन पडतो. हा क्रम बोटांत बसेपर्यंत मी आठवडाभर जुन्या वर्तमानपत्रांवर ठिपके आणि रेघा काढत होतो. रंग दुधाइतका पातळ, दाब १५ ते २० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आणि अंतर चार बोटे, एवढे जमले की पातळ थर एकसारखे बसू लागतात. टामिया कंपनीचे ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ होते, पण व्हॅलेहो कंपनीच्या रंगात तेच घातले की गुठळ्या होतात. त्याला त्याच कंपनीचा थिनर, म्हणजे रंग पातळ करायचा द्रव, वापरावा.

खरी अडचण जुलैत आली. १९८३ ते २०१६ या काळात भारतीय नौदलात असलेल्या आणि गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरून उडणाऱ्या सी हॅरियर या लढाऊ विमानाची १/७२ मापाची प्रतिकृती मी रंगवायला घेतली होती. विमानाच्या पोटाकडचा पांढरा रंग नीट बसला. वरच्या गडद राखाडी रंगाचा दुसरा थर देत असताना गन अचानक थुंकली आणि डाव्या पंखावर मोहरीएवढे तीन पाण्याचे थेंब पडले. ते पुसेपर्यंत रंग गोल उघडा पडून खालचा प्रायमर, म्हणजे रंगाआधी दिलेला अस्तराचा थर, दिसू लागला होता.

कारण साधे आहे. २० पीएसआय दाबाला हवेचे आकारमान निम्म्याहून कमी होते. ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आर्द्रतेच्या हवेतली वाफ तेवढ्या जागेत मावत नाही आणि कॉम्प्रेसरमधून गरम निघालेली हवा नळीत थंड होताच तिचे पाणी होते. मोठ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा निवते आणि बरेचसे पाणी तळाशी साचते. या संचात ती सोयच नाही. शिवाय टाकी नसल्यामुळे हवा धक्क्याधक्क्याने येते आणि बारीक रेघ थरथरते. विक्रेत्याने संच 'सर्व हवामानांत वापरण्याजोगा' म्हणून विकला होता. किनारपट्टीवर राहणाऱ्या माणसाला हे वाक्य सरळ चुकीचे वाटते, आणि तसे मी त्यांना लिहूनही कळवले आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला गाड्यांना ड्यूको मारणारे एक मिस्त्री आहेत, त्यांना मी पंख दाखवला. ते म्हणाले, "अहो, पावसात आम्ही लॅकर मारतच नाही, पांढरा पडतो. तुमचा रंग पाण्याचा आहे म्हणून निभावले. पाणी गाळणारा फिल्टर गनच्या जवळ लावा, कॉम्प्रेसरला चिकटवून नको. तिथे हवा गरम असते, वाफ तशीच पुढे जाते." त्यांच्या सांगण्यावरून मी तीनशे रुपयांचा फिल्टर गनच्या अगदी खाली, उभा लटकेल असा बसवला. तेव्हापासून दर वीस मिनिटांनी त्याच्या पारदर्शक वाटीतून चमचाभर पाणी काढून टाकतो आणि गन पुन्हा थुंकलेली नाही. बिघडलेला पंख मी बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून पुन्हा रंगवला.

झड आत येते म्हणून पावसात खिडकी बंद ठेवावी लागते आणि उडालेल्या रंगाचे बारीक कण खोलीतच तरंगत राहतात. त्यासाठी चांगला मास्क वेगळा घ्यावा. काम झाल्यावर वाटीत थिनर घालून नोझलचे तोंड कापडाने हलकेच दाबावे, म्हणजे हवा उलटी फिरून अडकलेला रंग बुडबुड्यांबरोबर वर येतो. सुईचे टोक जमिनीवर एकदा जरी आपटले तरी रंग एका बाजूला फाकतो, म्हणून सुई काढताना मी खाली पंचा पसरून बसतो.

गनसाठी हा संच घ्यावा. कॉम्प्रेसर मात्र ऑक्टोबर ते मे या महिन्यांपुरताच धरावा, आणि पावसाळ्यातही रंगवायचे असेल तर गन सुटी घेऊन उरलेले पैसे तीन लिटर टाकीच्या कॉम्प्रेसरसाठी बाजूला ठेवावेत.