ड्राइव्हचा गेटवे: काही महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः स्केलिंगबद्दल

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र. आमचे ड्राइव्ह मोडबस आरटीयू या सिरियल पद्धतीने बोलतात, ते पीएलसीशी (लाइन चालवणारा कंट्रोलर) प्रोफिनेट या इथरनेटवरच्या नेटवर्कने जोडायला हा गेटवे, म्हणजे मधला दुभाष्या, घेतला होता. सुरुवातीचे काही महिने त्याच्याकडे बघायचीसुद्धा गरज पडली नाही. कम्युनिकेशनची सेटिंग, म्हणजे बॉड रेट, पॅरिटी, नोड अ‍ॅड्रेस टाकले, केबलच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे रेझिस्टर, लावलं आणि विषय संपला. लिहायची वेळ आली कारण लाइनवरचा एक ड्राइव्ह गेला, त्याच मेकचा लगेच मिळेना म्हणून दुसऱ्या मेकचा बसवला, आणि तेव्हा पहिल्यांदा स्केलिंगचं, म्हणजे एका बाजूचा आकडा गुणून-भागून दुसऱ्या बाजूच्या मापात बसवण्याचं, पान उघडावं लागलं.

जुना ड्राइव्ह 20000 ला 100 टक्के स्पीड, म्हणजे 50 हर्ट्झ, धरायचा, नवा 16384 ला, म्हणजे हेक्समधले 4000. पीएलसी जसा आहे तसा ठेवला तर 40 हर्ट्झसाठी पाठवलेले 16000 नव्या ड्राइव्हला 48.8 हर्ट्झ वाटतात, मोटर सरळ जास्त वेगात पळणार. चालू लाइनचा प्रोग्राम बदलायचा नव्हता, आणि साध्या मॉडेलपेक्षा जास्त पैसे या स्केलिंगसाठीच तर मोजले होते. 16384 ला 20000 ने भागलं की बरोब्बर 512/625 येतं, तेव्हा मल्टिप्लायर 512, डिव्हायडर 625 टाकला. ड्राइव्हला हुकूम देणाऱ्या कंट्रोल वर्डला अर्थातच स्केलिंग लावलं नाही, त्यात एकेका हुकमाचे बिट असतात, त्यांना गुणलं तर स्टार्ट-स्टॉपचाच खेळखंडोबा होतो.

तरी 40 हर्ट्झ मागितले की 39.06 मिळायचे, 39.5 मागितले तरी तेच 39.06, आणि 41 मागितले की 40.62. स्पीड जिना चढल्यासारखा, पायरीपायरीने. सपोर्टला कळवलं तर एकच पालुपद, ड्राइव्हचे पॅरामीटर तपासा, केबलचं शील्ड बघा, टर्मिनेशन बघा. अहो, कम्युनिकेशन बिघडलं तर एरर येतात, टाइमआउट होतो, आकडा असा शिस्तीत पायऱ्या पाडत नाही! शेवटी गेटवे बाजूला काढून लॅपटॉपवरून ड्राइव्हच्या रजिस्टरमध्ये थेट 13107 लिहिलं, ड्राइव्हने 40.00 दाखवले. मग कागदावर मांडलं. 16000 ला आधी 625 ने भागलं तर 25.6, अपूर्णांक कापला की 25, त्याला 512 ने गुणलं की 12800, आणि 12800 म्हणजेच 39.06 हर्ट्झ. गेटवे आधी भागतोय, मग गुणतोय. प्रत्येक पायरी 1.56 हर्ट्झची. आधी 32 बिटमध्ये गुणून मग भागायचं, इतकी साधी गोष्ट, आणि ती पटवून देण्यासाठी मला आकडेमोडीचा अख्खा तक्ता पाठवावा लागला याचा अजूनही राग आहे.

इथपर्यंत मी हा गेटवे कुणालाही घेऊ नका असंच सांगत होतो. पण तक्ता गेल्यावर त्यांनी गेटवेचं नवीन फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) पाठवलं, पैसे मागितले नाहीत, जुनी कॉन्फिगरेशन फाइल तशीच चालली, आणि पायऱ्या गेल्या. आता 16000 ला 13107 जातात, ड्राइव्ह बरोबर 40 वर. शिवाय डायग्नोस्टिकच्या पानावर कच्चा आकडा आणि स्केल झालेला आकडा शेजारीशेजारी दिसायला लागलेत. मला विचाराल तर या पानाची किंमत बाकी सगळ्या फीचरपेक्षा जास्त आहे, हे पहिल्या दिवशी असतं तर भांडणच झालं नसतं.

एक खोट मात्र अजून तशीच आहे. डेटा टाइप डीफॉल्टला अनसाइन्ड (ऋण आकडे न मानणारा) असतो आणि ती सेटिंग स्केलिंगच्या पानावर नाही, वेगळ्या टॅबमध्ये आहे. रिव्हर्समध्ये पूर्ण स्पीडला ड्राइव्ह −16384 पाठवतो, 16 बिटमध्ये अनसाइन्ड वाचलं तर ते 49152 होतात, परतीच्या वाटेवर उलटं 625/512 लावल्यावर 60000, आणि पीएलसी ते साइन्ड (ऋण आकडे मानून) वाचून −5536 दाखवतो. म्हणजे मोटर उलटी 50 हर्ट्झने फिरतेय आणि स्क्रीनवर −13.84. चिन्ह बरोबर असल्यामुळे पटकन शंकाही येत नाही. म्हणून स्केलिंग टाकल्यावर फक्त 100 टक्क्यांवर टेस्ट करू नका. पायऱ्यांचा घोळसुद्धा तिथे दिसत नव्हता, कारण 20000 ला 625 ने पूर्ण भाग जातो. 10 टक्के, एखादा आडनिडा आकडा, आणि रिव्हर्स, हे तिन्ही बघाच.

अजून एक सोय आवडली, रॅम्प टाइमसारखे (वेग चढायला-उतरायला लागणारा वेळ) पॅरामीटर दर सायकलला न लिहिता व्हॅल्यू बदलल्यावरच लिहायचा पर्याय आहे. ज्या ड्राइव्हमध्ये असं लिखाण थेट ईईप्रॉम या कायमस्वरूपी मेमरीत जातं तिथे हा चालू ठेवाच, त्या मेमरीला लिहिण्याची मर्यादा असते.

दुसऱ्या पॅनलसाठीही हाच मागवलाय. फर्मवेअर नवीन असेल तरच पाठवा असं ऑर्डरमध्येच लिहून दिलंय, आणि साइन्ड-अनसाइन्डची सेटिंग स्केलिंगच्या पानावर आणा ही मागणी सपोर्टकडे लावून धरलीय.