मातीतल्या जिवाणूंची तपासणी: जालन्याच्या एका खासगी प्रयोगशाळेचा अनुभव

बदनापूर तालुक्यातल्या आमच्या रानात मोसंबीची जुनी बाग होती. २०१२-१३ च्या दुष्काळात ती वाळली. झाडं काढून तिथं तूर घ्यायला लागलो, पण त्या जागेवरची तूर कायम पिवळी. लगतच्या पट्टीत बाग कधीच नव्हती, तिथली तूर हिरवीगार. बियाणं तेच, खत तेच. उपटून पाहिलं तर बागेकडच्या मुळांवर गाठी मोजक्याच, आणि नखानं फोडल्यावर आतून पांढरट. पट्टीतल्या गाठी आतून लालसर निघाल्या. या गाठींतले जिवाणूच हवेतला नत्र पिकाला देतात; लालसर गाठ म्हणजे काम करणारी, पांढरट म्हणजे निकामी.

मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात. आमच्या पत्रिकेत तांब्यापुढे ‘पुरेसे’ लिहिलेलं. म्हणजे पिकाला तांबं कमी पडतंय का, एवढंच तिथं पाहिलं जातं; जास्त झालंय का, ते कळत नाही. आणि बागेत तर डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगासाठी, वर्षानुवर्षं बोर्डो हे बुरशीनाशक गेलेलं. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदातलं तांबं कुजत नाही, उडूनही जात नाही, वरच्या थरातच साठत राहतं.

जास्त झालेलं तांबं जिवाणूंना घातक. म्हणून जालन्यात जिवाणूंची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत दोन्ही जागांची माती दिली. दोन नमुन्यांचे १,८०० रुपये घेतले. महाग वाटलं, पण तिथल्या मॅडमनी तपासणी समोर बसवून दाखवली, ते पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. मातीत एक बिनरंगी द्रावण घालतात आणि ३७ अंशांवर २४ तास ठेवतात. जिवंत जिवाणू श्वसन करताना त्या द्रावणाला लाल करतात. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. पट्टीच्या मातीची नळी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली होती, बागेच्या मातीची जेमतेम गुलाबी. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या काडीकचऱ्या-शेणखताचा अंश, दोन्हीकडे जवळपास सारखाच होता, त्यामुळे खताच्या कमतरतेवर बोट ठेवायला जागा उरली नाही.

मॅडमनी इंग्लंडमधल्या वोबर्नचं उदाहरण दिलं. तिथं १९४२ ते १९६१ पर्यंत शेतात शहराचा मैलागाळ टाकला. गाळ बंद करून वीसेक वर्षं झाली तरी जस्त आणि कॅडमियमसारखे धातू मातीतच होते, आणि तिथल्या पांढऱ्या क्लोव्हरच्या गाठींतले रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतला नत्र बांधेनासे झाले होते. क्लोव्हर म्हणजे तिकडचं आपल्या तुरीसारखं शेंगवर्गीय पीक. हे ऐकताना मला आमच्याच गाठी दिसत होत्या.

मॅडमनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. जिवाणू फक्त ‘इथं काहीतरी बिघडलंय’ एवढंच सांगतात; कशानं बिघडलं ते सांगत नाहीत. क्षार, कीटकनाशक, पाणी साचणं, कशानंही रंग फिका पडू शकतो. त्यामुळे त्यांनीच तांब्याची वेगळी तपासणी करायला लावली. त्यात बागेच्या मातीतलं तांबं पट्टीपेक्षा कितीतरी जास्त निघालं.

आता नाराजीचं. अहवाल सगळा इंग्रजीत. माझ्या सासऱ्यांनी ती बाग उभी केली, त्यांना तो वाचून दाखवायला मला पुतण्याला बसवावं लागलं. दुसरं, काउंटरवरचा मुलगा अहवालासोबत जिवाणू संवर्धकाची बाटली गळ्यात मारत होता. जे तांबं रानातल्या जिवाणूंना जगू देत नाही, त्यातच बाटलीतले जिवाणू सोडून कसं चालेल? मी घेतली नाही, तुम्हीही आधी माती समजून घ्या.

एवढं सोडलं तर जुनी मोसंबी किंवा द्राक्षबाग मोडलेल्या प्रत्येकाला ही तपासणी करा असं सांगेन. नमुना एकटा देऊ नका, त्याच रानातल्या चांगल्या जागेचाही द्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? वरच्या १५ सेंटीमीटरची माती घ्या, रान वाफशावर असताना घ्या. उन्हात वाळवू नका, बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोहोचवा. डबा ते देत नाहीत, घरूनच न्यावा लागतो.