कोकणात कॅम्परव्हॅन भाड्याने घेताय? डिपॉझिट कसं बुडवतात ते आधी वाचा

दिवाळीनंतर दिवेआगर, गुहागर, तारकर्ली या पट्ट्यात कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन जाणारे वाढतात आणि त्यासोबत डिपॉझिट बुडाल्याच्या तक्रारीही वाढतात. ओळखीतल्या पुण्याच्या एका कुटुंबाचं प्रकरण इथे तपशिलात मांडतो आहोत, कारण या धंद्यातल्या जवळजवळ सगळ्या क्लृप्त्या त्यात एकत्र आल्या आहेत. गाडीवाल्याचं नाव मुद्दाम टाळलं आहे. नाव बदलून उद्या दुसरा कोणी हेच करेल, म्हणून पद्धत ओळखता येणं जास्त गरजेचं.

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली व्हॅन, चार माणसं, भाडं वेगळं आणि २५,००० रुपये डिपॉझिट. फोनवर सांगितलं गेलं की एसी रात्रभर बॅटरीवर चालतो, समुद्राला लागून आमची स्वतःची जागा आहे, गाडी थेट वाळूत लावा. परत आल्यावर हिशेब आला: बॅटरी मारली, छतावरच्या सोलर पॅनेलला तडा, खालच्या पत्र्याला गंज. डिपॉझिटमधला एक रुपयाही हातात पडला नाही.

आधी बॅटरीचं बघू, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिच्याच नावावर कापली जाते. १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-अवर. पाऊण टनाचा एसी चालताना साधारण ७०० ते ८०० वॅट ओढतो, वर इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते. म्हणजे सलग दीड तासही धड नाही. कोकणातल्या दमट रात्री कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही, त्यामुळे 'मधूनमधून बंद होतो ना' हा हिशेबही फारसा कामाचा नाही. साधी ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर निम्म्याखाली उतरवायची नसते. १५० अँपिअर-अवरमधून वापरायला मिळतात जेमतेम ९०० वॅट-अवर. दोनशे वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसभरात आठशे-नऊशे वॅट-अवर देतं, आणि सुरूच्या बनात सावलीला गाडी लावली की तेवढंही नाही. थोडक्यात, रात्रभर एसी हवा तर मुक्कामाच्या ठिकाणी १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लग हवाच. बॅटरीवर रात्र काढण्याचा शब्द जो देतो, त्याला पहाटे बॅटरी रिकामी होणार हे ठाऊक असतं. सकाळी तीच रिकामी बॅटरी तुमच्या माथी मारायची असते.

चांगली लिथियम बॅटरी एका रात्रीत रिकामी केल्याने मरत नाही. तिच्या आतलं सर्किट व्होल्टेज फार उतरायच्या आत पुरवठा तोडतं, आणि चार्जिंगला लावली की ती पुन्हा उभी राहते. 'मेली' असं सांगितलं जातं ती बहुतेक वेळा आधीच थकलेली असते, आणि हे गाडी ताब्यात घेतानाच पकडता येतं. चार्जिंग बंद करायला लावा, अर्धा तास थांबा आणि व्होल्टमीटरचा फोटो काढा. भरलेली लिथियम १३.४ व्होल्टच्या आसपास दाखवते, साधी १२.६ ते १२.७. मग हजार वॅटची किटली लावून दहा मिनिटं पाणी उकळा. लिथियमचा आकडा साडेबाराच्या खाली घसरला किंवा इन्व्हर्टर पहिल्या दोन मिनिटांतच टीं-टीं करायला लागला, तर गाडीवाल्याला तिथेच दाखवा आणि करारावर लिहून घ्या. ही चाचणी करू न देणाऱ्याची गाडी घेऊ नका.

छताकडे कोणी बघत नाही, म्हणून तडा छतावरच सापडतो. शिडी मागा, नसेल तर सेल्फी स्टिकला मोबाइल लावून पॅनेलची काच, व्हेंटचं झाकण आणि बाजूला उघडणाऱ्या ताडपत्रीच्या छपराचे दांडे यांचा एकसलग व्हिडिओ काढा. व्हिडिओत नंबरप्लेट आणि किलोमीटरचा आकडा यायला हवा. मग गुडघ्यावर बसून पायरीखालचा पत्रा आणि चाकांच्या आतली बाजू टिपा. दोन दिवसांच्या खाऱ्या हवेने लालसर डाग पडू शकतात, पण पापुद्रे सुटलेला गंज वर्षांचा असतो. फोटो असेल तर ही बाब तिथेच मिटते. टॉयलेटची टाकी रिकामी आहे ना, हेही झाकण उघडून बघा. आधीच्या गिऱ्हाइकाची घाण साफ करण्याचे पैसे तुमच्याकडून घेतल्याची उदाहरणं आहेत.

'स्वतःच्या जागे'चा फोटो जवळजवळ नेहमी ओहोटीचा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, तेव्हा तीच पुळण पाण्याखाली जाते. भरतीरेषेच्या आतली वाळू सरकारी असते, कोणा खासगी माणसाच्या मालकीची नसते, त्यामुळे तिचं भाडं कोणी घेत असेल तर तो नसलेली गोष्ट विकतो आहे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली तर पोलीस गुन्हा नोंदवतात. या कुटुंबाला 'आमच्या माणसाने' मऊ वाळूकडे वाट दाखवली, गाडी रुतली, आणि ट्रॅक्टर मात्र पाचव्या मिनिटाला हजर. भाव अर्थात त्याचाच. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खाली जातं. चारही चाकांची हवा निम्मी करा, पुढची वाळू उपसा, चाकाखाली फळ्या किंवा झावळ्या घाला आणि हळू काढा. डांबरावर आल्यावर आधी हवा भरा.

गाडीच्या नंबरप्लेटकडे तर सगळ्यांत आधी बघायचं. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ड्रायव्हरसह येणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची व्हॅन खासगी असते. ती भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला नुकसानभरपाई नाकारायला कारण मिळतं आणि गाडीवाला तुमच्याकडे बोट दाखवतो. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला की वाहनाचा वर्ग, विमा, फिटनेस आणि पीयूसीच्या तारखा दिसतात. वर्ग मालवाहू आणि आत पलंग-गॅस बसवलेले, असं दिसलं तर ती फेरफार केलेली गाडी आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय आहे. नोंदणीची प्रत बेलाशक मागा.

काही ठिकाणी तर गाडीच नसते. दुसऱ्याचे फोटो, दुसऱ्याच्या आरसीची प्रत, आणि 'लाँग वीकेंड आहे, आत्ता ॲडव्हान्स टाका' अशी घाई. यावर साधा उपाय आहे. व्हिडिओ कॉलवर गाडीभोवती फिरायला सांगा, नंबरप्लेट आणि आतलं स्वयंपाकघर एकाच दमात दाखवायला लावा. पैसे पाठवताना यूपीआयवर येणारं नाव आरसीवरच्या किंवा करारावरच्या नावाशी जुळतं का ते बघा. ॲपवर मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं, तरी अक्षरं ताडून पाहता येतात.

करारात तीन ओळी हव्यातच: दुरुस्तीची कपात जीएसटी बिल दाखवूनच होईल, बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवला जाईल, आणि उरलेलं डिपॉझिट ठरलेल्या तारखेपर्यंत खात्यात येईल. डिपॉझिट परत करतो म्हणून कोणी क्यूआर पाठवला तर स्कॅन करू नका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

खोट्या जाहिरातीला पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. समोरच्या खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत ती गोठवता येते, म्हणून पहिले काही तास मोलाचे. मग बँकेला कळवा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जपून ठेवा. गाडी खरी पण डिपॉझिट अडकलं असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्क नाही. सोबत करार, गाडी घेताना आणि परत देताना काढलेले व्हिडिओ आणि व्होल्टमीटरचे फोटो जोडा. पाटी पांढरी असेल तर आरटीओकडे वेगळा अर्ज द्या, त्यात गाडीचा नंबर आणि भाड्याची पावती हवी.