पहिले संशोधन अनुदान कुठे मागावे? इंदूरच्या तरुण वैद्यकीय अध्यापकांसाठी तुलनात्मक आढावा

एम.डी. होऊन इंदुरात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या डॉक्टरला संशोधनाचे विषय शोधत हिंडावे लागत नाही. झाबुआ, अलीराजपूर, धार आणि बडवानी या जिल्ह्यांतले रुग्ण महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या एमवायमध्ये, रोज येतात आणि सिकलसेलपासून सिलिकोसिसपर्यंतचे प्रश्न बरोबर घेऊन येतात. अडते ते पैशांपाशी, आणि त्याच्याही आधी पैसे कोणाकडे मागावेत या निर्णयापाशी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे लहान अनुदान, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे प्रधानमंत्री अर्ली करिअर अनुदान आणि इंडिया अलायन्सची फेलोशिप हे तीन मुख्य पर्याय आहेत. तिन्ही जाहिराती शेजारी शेजारी ठेवल्या की नजर आधी रकमांवर जाते. माझ्या मते मात्र निधी प्रकल्पाला मिळतो की व्यक्तीला, आणि आठवड्यातले किती तास खरोखर आपल्या हातात आहेत, या दोन गोष्टींवरून निवड करावी.

तुलना नीट कळावी म्हणून एकच विषय तिन्ही ठिकाणी नेऊन पाहू. झाबुआ आणि अलीराजपूरकडचे अनेक आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा परिसरातल्या गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून होणारा हा आजार बरा होत नाही; एक्स-रेमध्ये तो क्षयासारखा दिसू शकतो, आणि सिलिकोसिस असलेल्यांना क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो. साहजिकच अशा रुग्णाचे निदान क्षयावरच थांबण्याची शक्यता राहते.

हा विषय आयसीएमआरकडे न्यायचा असेल, तर तो आरोग्यव्यवस्थेच्या भाषेत मांडावा लागतो. १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन म्हणून सुरू झालेली आणि १९४९ मध्ये आजचे नाव मिळालेली ही संस्था देशाच्या आरोग्याच्या गरजांशी बांधलेली आहे, आणि तुमच्या निष्कर्षामुळे उद्या कोणत्या कार्यक्रमात काय बदलेल, हे तिला आधी हवे असते. ‘सिलिकोसिसचा अभ्यास’ एवढ्यावर तिथे भागत नाही. क्षयासाठी नोंदवलेल्या आणि पूर्वी धुळीत काम केलेल्या रुग्णांपैकी किती जणांना सिलिकोसिस आहे, आणि नोंदणीच्या वेळी कामाचा पूर्वेतिहास विचारण्याची ठरावीक पद्धत लावली तर निदान किती आधी होते, अशा मोजता येण्याजोग्या प्रश्नावर प्रस्ताव उभा राहतो. लहान अनुदानाची मर्यादा तीन वर्षांसाठी दोन कोटी रुपयांपर्यंत आहे. तिथवर अंदाजपत्रक ताणण्याचा मोह टाळावा, कारण नवख्या अर्जदाराने मागितलेल्या प्रत्येक यंत्राचे समर्थन त्याला स्वतःलाच द्यावे लागते. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था ही आयसीएमआरचीच असून तिचा या आजारावर दीर्घ अनुभव आहे. तिथला सहसंशोधक मिळाला, तर धुळीचे आणि एक्स-रे वाचनाचे तंत्र तुमच्याकडे नाही, हा आक्षेप बव्हंशी दूर होतो.

आयसीएमआरच्या अर्जात तरुण मंडळी दोन ठिकाणी कमी पडताना दिसतात, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. पहिले ठिकाण नमुन्याच्या आकाराचे. संख्याशास्त्रज्ञाला अर्ज पूर्ण झाल्यावर ‘एकदा बघून द्या’ म्हणून गाठले जाते. त्याला प्रश्न ठरतानाच बरोबर घ्यायला हवे, कारण किती रुग्ण लागतील यावरच कालावधी, कर्मचारी आणि खर्च हे सारे अवलंबून असते. दुसरे ठिकाण संमतीपत्राचे. अलीराजपूरहून आलेल्या भिली किंवा भिलाली बोलणाऱ्या मजुराला हिंदी संमतीपत्र वाचून दाखवले म्हणजे त्याला ते कळले, असे धरून चालणे योग्य नाही. भाषांतरासाठी, आणि ती भाषा बोलणाऱ्या क्षेत्रीय कार्यकर्त्यासाठी, अंदाजपत्रकात सुरुवातीपासून तरतूद ठेवावी. नैतिकता समितीलाही हेच अपेक्षित असते, आणि त्या माणसाचा तो हक्क आहे.

दुसरा पर्याय मी थोडक्यात मांडतो, कारण तो निवडक लोकांच्याच उपयोगाचा आहे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन २०२३ च्या कायद्याने स्थापन झाले, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो कायदा लागू झाला आणि पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. त्याच्या प्रधानमंत्री अर्ली करिअर अनुदानात तीन वर्षांसाठी ६० लाख रुपयांपर्यंत निधी मिळतो. २०२४ च्या आवाहनात वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ४२ वर्षे होती. इथे स्पर्धा प्रयोगशाळेत वाढलेल्या पीएचडीधारकांशी असते. त्यामुळे आपला विषय रक्तातल्या सीसी-१६ या प्रथिनाच्या पातळीवरून सिलिकोसिसची चाहूल आधी लागते का, अशा जैविक प्रश्नाच्या रूपात मांडता येत असेल आणि प्रयोगशाळेचा पाया तयार असेल, तरच हा रस्ता धरावा. रकमेचा हिशेबही आधी करून पाहावा. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोला, म्हणजे जेआरएफला, दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ संशोधन फेलोला, म्हणजे एसआरएफला, ४२,००० रुपये मिळतात; इंदूर सरकारी वर्गवारीत वाय श्रेणीचे शहर असल्याने २० टक्के घरभाडे भत्ता धरला, तर दोन वर्षे जेआरएफ आणि तिसऱ्या वर्षी एसआरएफ अशा एकाच संशोधकावर १६,७०,४०० रुपये खर्च होतात. उरलेल्या रकमेत यंत्र, रसायने आणि प्रवास बसवायचा असतो.

इंडिया अलायन्सची फेलोशिप या दोन्हींहून वेगळ्या जातीची आहे. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम हा आरोग्य संशोधनाला निधी देणारा न्यास यांच्या भागीदारीतून चालणाऱ्या या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी मान्यता दिली. एकूण १,५०० कोटी रुपयांपैकी १,००० कोटी जैवतंत्रज्ञान विभागाचे आणि ५०० कोटी वेलकमचे आहेत. अर्ली करिअर फेलोशिप पाच वर्षांची असते आणि तीत संशोधनाच्या खर्चाबरोबर फेलोचे स्वतःचे वेतनही येते. क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्याच्या शाखेत पीएचडीची अट नाही, ही आपल्या एम.डी. झालेल्यांसाठी मोठीच सोय आहे. परीक्षक मात्र प्रस्तावाइतकेच माणसाला पाहतात: पाच वर्षांनी हा डॉक्टर स्वतंत्र संशोधक झालेला असेल का, त्याला मार्गदर्शन कोण करणार, यजमान संस्था त्याला वेळ देणार का. प्राथमिक अर्ज, सविस्तर अर्ज आणि मुलाखत अशा पायऱ्यांतून जावे लागते. खरी अडचण वेळेची आहे. कामाच्या वेळेचा मोठा भाग संशोधनाला देण्याची तयारी इथे गृहीत धरलेली असते. वॉर्ड, एमर्जन्सी ड्युटी, पदवीचे वर्ग आणि परीक्षांची कामे सांभाळणाऱ्या सहायक प्राध्यापकाला विभागप्रमुख आणि अधिष्ठाता यांनी हा वेळ लेखी मोकळा करून दिला नाही, तर फेलोशिप मिळूनही ती निभावणे कठीण जाईल. तो कागद हातात पडत असेल, तर मी कोणालाही याच पर्यायाचा आग्रह करीन, कारण पाच वर्षांचा सलग अवकाश इतर दोन्ही ठिकाणी मिळत नाही.

ज्यांच्याकडे अजून प्राथमिक माहितीच नाही, त्यांनी या तिन्हींच्या आधी महाविद्यालयातल्या बहुविद्याशाखीय संशोधन एककाकडे, म्हणजे एमआरयूकडे जावे. आरोग्य संशोधन विभागाच्या योजनेतून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अशी एकके उभी राहिली असून इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक, म्हणजे एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयातही ते आहे. चाळीस-पन्नास रुग्णांचा छोटा, नीट नोंदवलेला अभ्यास पुढच्या अर्जात जितके काम करतो, तितके पानभर प्रस्तावना करत नाही.

मदत कोणाची घ्यावी, हाही निवडीचाच भाग आहे. आयसीएमआरसाठी ज्याने तिथला प्रकल्प पूर्ण करून निधी कसा वापरला हे दाखवणारी उपयोगिता प्रमाणपत्रे वेळेत दिली आहेत, असा ज्येष्ठ अध्यापक सर्वांत उपयोगी, कारण जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरची खरेदी आणि लेखा विभागाचे व्यवहार त्याला ठाऊक असतात. इंडिया अलायन्ससाठी विषयाबाहेरचे परीक्षक जमवून सराव मुलाखत घ्यावी, आणि ती गोडीगुलाबीची असू नये. तिन्हींसाठी समान असा एक वाचक मात्र घरातच मिळतो. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात राहणाऱ्या, वैद्यकाशी संबंध नसलेल्या आत्याला किंवा काकांना प्रस्तावाचा सारांश मराठीत समजावून सांगा आणि तो त्यांच्याच शब्दांत परत ऐका. यातून कोणाचे काय भले होणार, हे त्यांना सांगता आले नाही, तर सारांश पुन्हा लिहावा.

खासगी महाविद्यालयांत काम करणाऱ्यांसाठी क्रम थोडा बदलतो. आयसीएमआरकडे अर्ज करण्यासाठी बिगरसरकारी संस्थेला वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची, म्हणजे डीएसआयआरची मान्यता लागते; संस्थेकडे ती आहे का आणि तिची मुदत कधी संपते, हे प्रस्तावाचे पहिले पान लिहिण्याआधी कार्यालयात जाऊन पाहावे. मान्यता नसेल आणि नूतनीकरणाची हालचालही दिसत नसेल, तर शासकीय महाविद्यालयातल्या एखाद्या सहकाऱ्याला मुख्य संशोधक करून आपण सहसंशोधक म्हणून सामील होणे, आणि कामाची वाटणी व लेखकांचा क्रम अर्जाआधीच लिहून ठेवणे, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो.